राहीबाईच्या मापाचं मेज

३ मार्च १९७४, रविवार

आमच्या चर्चमध्ये माझ्या हातची कामं येणेप्रमाणे : बाक नऊ, सागाचे, खिळा एकही नाही, सांधे लाकडातच कोरलेले. व्यासपीठ एक. खिडक्यांच्या झडपा सहा. घंटेचा सांगाडा, बाभळीचा. दानपेटी. गीतांचे आकडे लावायची फळी. प्रभुभोजनाचं मेज. कबरस्तानात क्रूस चार; तीन मोठे, एक सव्वा फुटाचा.

हे सगळं मी कुणाकडे शिकलो नाही. आमच्या जातीच्या पोराला सुतारमेटावर उभं करत नव्हते. मी लांबून बघितलं आणि घरी येऊन केलं. वाचायलाही असाच शिकलो. आई राहीबाईच्या वर्गाला जायची, मी बाहेर कट्ट्यावर बसायचो, आत बायका अक्षरं गिरवायच्या ती मी धुळीत काढायचो. राहीबाई माझ्या चुका खिडकीतून सांगायची, तेवढंच. बाकी माझं मीच.

हे लिहून ठेवायचं कारण आज घडलं. सांगलीहून नवे पाळक आले, रेव्हरंड आवळे. डोक्याला तेल इतकं की बाकाच्या पाठीला डाग पडला. उपासना संपल्यावर मेजावर बोटाच्या पेराने टकटक करून म्हणाले, "हे कुणी केलं? फार बुटकं झालंय." आमच्या पंचांचा म्होरक्या नानासो, पलटणीतून हवालदार होऊन आलेला माणूस. तो म्हणाला, "लोकल काम हाय, साहेब."

लोकल! मी चार हातांवर उभा होतो. शिसारी आली.

पाळकांना खरं खटकलं ते दुसरंच. आमच्याकडे पाळक वर्षातून दोनदा आले तर आले. उपासना राहीबाई चालवते. ती बायबलबाई. घरोघर फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायला मिशनने तिला नेमलं होतं. मिशनचे साहेब गेले, पगार बंद झाला, हिचं फिरणं बंद झालं नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, भाकर तीच मोडते. भाकर म्हणजे भाकरच, ज्वारीची. शास्त्रात भाकर लिहिली आहे, तिथे पाव कुठे लिहिलाय, असं ती म्हणते. आज ती नेहमीसारखी मेजाशी गेली, कापड अंथरलं. पाळकांनी नानासोला विचारलं, "या बाई तिथं काय करताहेत?" नानासोने बुटाकडे बघितलं.

शेवटी पाळकांनी मला बोलावून मेजाभोवती कठडा करायला सांगितलं. फाटक असलेला, कडी आतून. सागाचा. काम चांगलं आहे. नक्षीला वाव आहे. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. त्यांना माझं नाव खटकलं. ख्रिस्ती माणूस आणि कृष्णात कसा, म्हणे. मी म्हटलं, नाव बापाने ठेवलं, ते मी केलेलं नाही.

९ मार्च, शनिवार

मिरजेला जाऊन आलो. साग घेण्याआधी मी रसूलभाईला दाखवतो. तो तंबोरे करतो. फळीवर टिचकी मारून लाकूड ओलं की सुकं ते सांगतो. बाजारातली पहिली वखार निव्वळ फसवणूक. गाभा नाही, किडीची भोकं मेणाने भरलेली. त्या माणसाच्या तोंडावर बोललो. दुसरीकडे बरा माल मिळाला, रसूलभाईने बाजूला ठेवून घ्यायला सांगितला.

चहा पिताना त्याने विचारलं, "मिस्त्री, चर्चात कठडा कशाला? बकरी शिरती काय आत?"

"राहीबाई शिरते," मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं निघालं कळलं नाही.

रसूलभाई हसला. "मंग सागाचा कशाला घालतोस? बकरी असती तर थांबली असती. म्हातारी कठड्यानं थांबत न्हाई, गड्या."

मला ते हसणं आवडलं नाही. एसटीत शेजारचा माणूस पायावर पाय ठेवून झोपला. उतरेपर्यंत तसाच.

१० मार्च, रविवार

पाळक पुन्हा आले. उपासनेनंतर त्यांनी उभं राहून सांगितलं. यापुढे दीक्षा झालेल्या माणसाशिवाय कुणी मेजाजवळ जायचं नाही. बाई माणसाने वाचन करायचं नाही, प्रार्थना चालवायची नाही. हा नियम पाळला तर आमच्या मंडळीला कायमचा पाळक मिळेल. नाहीतर आम्ही आहोत तसेच, कुणाच्या खिजगणतीत नाही.

एवढ्यापर्यंत मी ऐकत होतो. मग ते म्हणाले, दुष्काळाच्या दोन वर्षांत त्या बाईंनी दिलेले बाप्तिस्मे धरता येणार नाहीत. सात मुलं आहेत. जी आहेत त्यांना पुन्हा द्यावा लागेल.

जी आहेत त्यांना.

सात जणांतली सहा आहेत. सातवा आमचा शमुवेल.

राहीबाई जागेवरून म्हणाली, "माजं नाव कागदावर न्हाई म्हनून त्या लेकरांच्या डोस्क्यावरचं पानी वाळलं व्हय, साहेब?"

कुणी हसलं नाही. नानासो म्हणाला, "राहीबाई, डिसिप्लिन."

मेजाला मागच्या बाजूला कुणीतरी चुन्याचं बोट पुसलंय. तंबाखूचा चुना. पंचांपैकीच कुणीतरी. देवाच्या घरात! भिजल्या फडक्याने पुसलं तरी डाग राहिला.

१३ मार्च

साळूने आमटीत मीठ घातलं नाही. काल पण नव्हतं. सांगितलं तर म्हणाली, "व्हय." आजही तेच. लग्नाला वीस वर्षं झाली, मीठ सांगावं लागतं.

कठड्याचं चित्र काढलं. फाटकाचा कोपरा जमत नाही. पुसून पुसून कागद फाटला.

१६ मार्च, शनिवार

तीन दिवस काम बाजूला ठेवून शास्त्र वाचलं. मी वाचतो ते ओळीवर बोट ठेवून, एकही शब्द न गाळता. पाळकांसारखं इकडचं तिकडचं उचलत नाही. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी नमस्कार आहेत, ते लोक गाळून पुढे जातात. तिथेच सगळं आहे.

पहिलंच नाव फिबी. बाई. किंख्रियाच्या मंडळीची सेवा करणारी. पौलाने हे पत्र तिच्याच हाती रोमला पाठवलं असं जाणते लोक सांगतात. पुढे प्रिस्का आणि तिचा नवरा अक्विला, आणि तिचं नाव आधी. यांच्या घरात मंडळी जमत होती. पुढे मरिया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, युलिया, शिवाय रूफची आई आणि नीरियाची बहीण. दहा बाया, एका पानात! दुसऱ्या एका पत्रात निंफा नावाची बाई आहे, तिच्याही घरात मंडळी भरायची. सुरुवातीच्या त्या काळात चर्चच नव्हतं. बाक नाहीत, व्यासपीठ नाही. घरं होती आणि घरं बायांची.

प्रिस्का आणि तिचा नवरा तंबू शिवायचे. हातावर पोट असलेली माणसं. एक मोठा विद्वान वक्ता त्यांच्या गावी आला, त्याला अर्धवटच माहीत होतं. या बाईने आणि तिच्या नवऱ्याने त्याला घरी नेऊन नीट समजावून सांगितलं. तंबू शिवणारीने! हे वाचून मी पडवीत दोन फेऱ्या मारल्या.

साळूला सांगायला गेलो. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "मला ठावं हाय. राहीबाईनं सांगितलंय." मी म्हटलं, सांगितलं वेगळं आणि वाचून काढलं वेगळं. ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली.

उद्या पंचांची बैठक आहे. मी पंच नाही, पण कठड्याच्या कामासाठी मला बोलावलं आहे. बघतो.

१७ मार्च, रविवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, नंतर कुणी फिरवायला नको.

बैठक चर्चमध्ये. पाच पंच, पाळक आणि मी. बायका बाहेर दारात उभ्या होत्या, राहीबाई पुढे, साळू तिच्या मागे. आत कुणी बोलावलं नाही, बायकांना बैठकीत बोलावत नाहीत.

कठड्याची गोष्ट निघाली तेव्हा मी उभा राहिलो. दहाच्या दहा नावं घेतली, एक सुद्धा अडखळलो नाही. पाळक शांतपणे ऐकत होते, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "कृष्णात, तुम्ही वाचता हे चांगलं आहे. पण वाचणं वेगळं आणि शिक्षण वेगळं. त्याच पौलाने बायांनी सभेत गप्प राहावं असंही सांगितलंय. ते वाचलंत?"

"वाचलं," मी म्हटलं. "मग त्यानं एवढं मोलाचं पत्र फिबीच्या हातात का दिलं? रोम काय कडेगाव आहे, सांजच्या एसटीनं परत यायला?"

दोन पंच हसले. नानासो म्हणाला, "मिस्त्री, तुज्या कामाचं बोल. मेज बुटकं का झालं ते सांग आधी."

तेव्हा मला राहवलं नाही. मी त्याला विचारलं, "हवालदार, मेज करायच्या वेळी माप कुणाचं घेऊ म्हणून मी कुणाला विचारलं होतं?"

"मला कुठं आठवतंय."

"मला आठवतं. एकतीस इंच. तूच म्हणालास, राहीबाईच हुबी ऱ्हानार हाय, तिचंच घे. मी तिला उभी करून कोपरापासून माप घेतलं. वापरणाऱ्याचं माप घ्यायचं, ही माझी रीत. या गावात मेजाशी कोण उभं राहायचं ते तूच ठरवलंस, मी फक्त कापलं."

नानासो लाल झाला. "तवा पाळक व्हता कुठं? हुबं ऱ्हायला कुनीतरी पायजेच की!"

"दुष्काळात तरी कुठं होता?" मी म्हटलं. पाळकांनी मान खाली घातली. त्या वर्षी हे नव्हते, दुसरे होते, हे मला माहीत आहे. तरी म्हटलं.

तेवढ्यात दारातून राहीबाई म्हणाली, "मी काय बोलू का?"

मी म्हटलं, "राहीबाई, जरा थांबा, मी बोलतोय ना."

हात वर केले. पाचही पंच पाळकांच्या बाजूने. हसलेले दोघे सुद्धा. मघाशी माझ्या बोलण्यावर दात काढणारी तीच तोंडं. त्यातल्या एकाने बैठक संपल्यावर मला तंबाखू पुढे केली. त्या हाताची सुद्धा किळस वाटली. मेजावर चुना पुसणारा तोच असणार.

१८ मार्च

सकाळी राहीबाई पडवीशी आली. मला वाटलं आभार मानायला आली. म्हणाली, "दहा बाया बरोबर मोजल्यास, कृष्णा. भायेर हुब्या किती व्हत्या?"

मी मोजल्या नव्हत्या. मोजायचं कारण काय? एवढं वाचून, एवढ्या पंचांशी भांडून त्याची ही कदर. साळू आतून बघत होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. बायकांना काही समजावून सांगण्यात अर्थ नाही असं कधी कधी वाटतं.

३१ मार्च, रविवार

तीन रविवार नानासो उपासना चालवतो. वाचताना पावलं आपटतो, कवायतीसारखी. 'आमेन' म्हणतो ते 'सावधान' म्हटल्यासारखं. राहीबाई मागे भिंतीला टेकून बसते. बायका तिच्याभोवती. गीत सुरू झालं की बायका गात नाहीत. त्यामुळे पुरुषांचे सूर किती वाईट आहेत ते गावाला कळलं.

कठडा सुरू केला नाही. लाकूड मिरजेतच आहे. रसूलभाईचा निरोप आला, कवा नेतोस. उत्तर दिलं नाही.

७ एप्रिल

साळू सांजच्याला कबरस्तानात जाते. विचारलं तर, "गवत काढाय." एवढं गवत या दिवसांत कुठलं? तो सव्वा फुटाचा क्रूस मी बघून आलो. कडुनिंबाचा आहे, कीड लागत नाही. तळाशी चार बोटं माती भिजलेली होती. कुणीतरी पाणी घातलं होतं.

शमुवेलच्या वेळी पाणी नव्हतं. टँकर दोन दिवसांआड. हगवण लागून तिसरा दिवस, डोळे आत गेलेले. पाळकांना निरोप धाडला होता. राहीबाई तिच्या वाट्याचं पाणी तांब्यात घेऊन आली, प्यायचं. त्यातलं ओंजळभर त्याच्या डोक्यावर घातलं, नाव घेतलं. उरलेलं साळूला पाजलं. ती स्वतः त्या दिवशी काय प्यायली ते मी विचारलं नाही.

ते पाणी धरत नाहीत.

११ एप्रिल, गुरुवार

उद्या उत्तम शुक्रवार. आज संध्याकाळी प्रभुभोजन होतं. पाळक मिरजेहून पाव घेऊन आले, कागदात गुंडाळलेला. तेलाचा वास त्या पावाला पण लागला होता.

मी वेळेआधी गेलो. चर्चमध्ये अकरा पुरुष. बायकांची बाजू रिकामी. आणि पुढे मेज नव्हतं.

नव्हतंच. जागेवर चार पायांच्या चार खुणा. पाळक हातात पाव घेऊन उभे, ठेवायला जागा नाही. नानासो ओरडला, "मिस्त्री, मेज कुठं?" मी म्हटलं, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं. शेवटी पाव माझ्या बाकावर ठेवला. बसायच्या बाकावर! मला ते बघवेना, मी बाहेर पडलो.

घरी आलो तर पडवीत कंदील लागलेला. माझी हत्यारं सगळी एका कोपऱ्यात ढकललेली, रंधा पालथा. पालथा ठेवला तो बरोबर की चूक हे सुद्धा यांना माहीत नाही. मधोमध मेज. त्याच्याभोवती बायका, लेकरं, शेजारच्या हरणाबाईची म्हातारी सासू सुद्धा, जी दोन वर्षं घराबाहेर पडलेली नाही. मेजाच्या मागे राहीबाई. मेज तिच्या कोपराला अगदी बरोबर आलं होतं.

मी आधी पाय बघितला. डावीकडच्या मागच्या पायाला ओरखडा. आडवं धरून आणलं असणार, उंबऱ्याला घासलं.

"आवं, दारात काय उभं ऱ्हायलाय?" साळू म्हणाली. "दिव्याला वारा लागतूया."

"मेज कुणी आणलं?"

"आमी."

"विचारायचं तरी."

"तुमी बैठकीत मला विचारून बोलला व्हता?"

हरणाबाई फिसकन हसली. राहीबाई म्हणाली, "बस कृष्णा, खाली बस. हितं बाक न्हाईत."

मी भुशावर बसलो. साळूने उठून प्रार्थना केली. साळूने. मला तिचा आवाज एवढा मोठा आहे हे ठाऊक नव्हतं. तिने सातही लेकरांची नावं घेतली, शमुवेलचं शेवटी. मग राहीबाईने भाकर मोडली, एका फळीवर ठेवून हातोहात पाठवली. माझ्यापर्यंत आली तेव्हा तुकडा लहान उरला होता. ज्वारी जुनी, कडसर. खाल्ली.

धोतराला भुसा लागला तो अजून निघत नाही.

१४ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

चर्चला गेलो नाही. सकाळभर ओरखडा घासून काढला, मेण लावलं. चुन्याचा डाग मात्र गेला नाही, तो लाकडात मुरला आहे.

दुपारी पाळक आणि नानासो घरी आले. साळूने पाणी दिलं. पाळक थकलेले दिसले. तिकडे बाई एक सुद्धा नव्हती, नानासोने आपली बायको हाताला धरून आणली ती अर्ध्यातून निघून गेली, हे नानासोनेच सांगितलं. रागाने सांगितलं, पण सांगितलं.

पाळक म्हणाले, "कृष्णात, मेज परत द्या. मी भांडायला आलो नाही. तुमच्या घरचं दुःख मला कळलंय, उशिरा कळलं." मग त्यांनी आपला प्रस्ताव मांडला, एकेक गोष्ट नीट, मोजून. मजुरी एवढी की एवढी मला कुणी कधी दिली नाही.

साळू दाराशी उभी होती. या वेळी मी तिच्याकडे बघितलं. ती नुसती बघत राहिली, आणि मला अचानक मीठ आठवलं.

मी विचारलं, "आणि बाकीची सहा?"

पाळक म्हणाले, "त्यांना पुन्हा देऊ. ती आहेत."

मी म्हटलं, "साहेब, पाणी एका तांब्यातलं होतं."

नानासो म्हणाला, "मिस्त्री, येडा हायस का? लेकराचं नाव लागतंय, घे की!" त्याचा आवाज फाटला. त्याची नात त्या सहांत आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मेज मी दिलं नाही. म्हटलं, ते माझं नाही. ज्याच्या मापाचं आहे त्याला विचारा. राहीबाई समोरच्या घरी कुणाला तरी वाचून दाखवत होती, आवाज इथपर्यंत येत होता. ते दोघे तिला न विचारताच गेले. जाताना पाळकांनी मेजावरून हात फिरवला, उलट्या दिशेने, रेषेच्या विरुद्ध. लाकूड कसं कुरवाळायचं तेही शिकवत नाहीत यांना.

साळूने जेवायला वाढलं. मीठ बरोबर होतं.

मी नाकारलं ते येणेप्रमाणे : कठडा एक, सागाचा, साडेचौदा फूट, फाटकासह, कडी आतून. मेज एक, नवं, पाळकसाहेबांच्या मापाचं. ख्रिस्तवासी शमुवेल कृष्णात याच्या बाप्तिस्म्याला खास बाब म्हणून मान्यता, त्याच्या एकट्याच्या. मजुरी, लाकूड सोडून, रोख, रुपये नऊशे.